मांडवीचे उंदीर

स्टॅनमोरला आमच्या बागेतल्या शेडमध्ये उंदीर शिरला. विषाची पेटी ठेवायला माणूस आला, आणि मला मांडवी आठवली.

मुंबई बंदराजवळच्या गोदामांच्या या वस्तीत सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. उंदीर मरून पडत होते, पण सरकारने गटारे धुतली, घरांची झडती घेतली, आजाऱ्यांना उचलून नेले. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ ला आपली लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. १० मार्चला पुण्यात रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. खरा गुन्हेगार उंदरावरची पिसू, हे सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवले. ते पटायला आणखी काही वर्षे गेली!

मुंबई महापालिकेचे मूषक संहारक काठी-विजेरी घेऊन रात्री निघतात. रात्रीला ३० उंदीर मारायचे, अशी अट. आता भीती लेप्टोची. उंदराचे मूत्र साचलेल्या पाण्यात मिसळते आणि पायाच्या जखमेतून रोग शिरतो. जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने तो भोगला. पावसाळ्यात मुलांना घेऊन गेलात आणि तुंबलेल्या पाण्यातून चालावेच लागले, तर ताप येण्याची वाट पाहू नका. तीन दिवसांच्या आत तिथल्या डॉक्टरांना भेटा.