हर्पीस: फोड गेले म्हणून धोका गेला का?

गुप्तरोगतज्ज्ञाकडे हर्पीसचा रुग्ण पुन्हा येतो तेव्हा पुष्कळदा स्वतःची तक्रार घेऊन येत नाही. आवाज खाली आणून तो विचारतो, “डॉक्टर, फोड वाळले होते, खपलीही पडली होती. कंडोम राहून गेला. बायकोला काही होणार नाही ना?”

फोड नाहीत म्हणजे लागण नाही, हे त्याला कुणी सांगितलं कोण जाणे! पण हे ठाम विधान इतक्या तोंडून ऐकू येतं की डॉक्टरांनी डोक्याला हात लावावा.

जननेंद्रियांच्या हर्पीसचा विषाणू, बहुधा टाइप २ आणि कधी टाइप १, कातडी बरी झाल्यावर शरीर सोडत नाही. तो मज्जातंतूंतून मागे सरकतो आणि कण्याच्या खालच्या टोकाशी असलेल्या चेतापेशींच्या पुंजक्यात दबा धरून बसतो. तिथून अधूनमधून तो कातडीवर येतो. कधी फोड उठतात, कधी काहीही दिसत नाही.

अमेरिकेत ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात २०११ साली याची मोजदादच छापून आली. टाइप २ची लागण असलेल्या ४९८ जणांनी किमान ३० दिवस रोज स्वतःच्या जननेंद्रियांवरून कापसाच्या काडीने नमुने घेतले. पूर्वी फोड येऊन गेलेल्यांमध्ये सुमारे २० टक्के दिवशी विषाणू सापडला. ज्यांना कधीच लक्षणं जाणवली नव्हती, त्यांच्यातही सुमारे १० टक्के दिवशी.

याच्या उलट टोकाची घबराटही तितकीच निराधार आहे. एकदा संबंध आला म्हणजे लागलाच, असं नसतं. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधल्या २००४च्या अभ्यासात १,४८४ जोडपी होती, प्रत्येकात एकालाच टाइप २. आठ महिन्यांत औषधाविना ३.६ टक्के जोडीदारांना लागण झाली, बाधित व्यक्तीने रोज ५०० मिलिग्रॅम व्हॅलासायक्लोव्हिर घेतलं तिथे १.९ टक्के. सर्वांना कंडोम वापरण्याचा सल्ला होता, हेही लक्षात ठेवावं. अंगावर फोड असताना धोका याहून बराच जास्त असतो.

आता किरकोळ गैरसमज. कंडोमने धोका घटतो, पण झाकल्या न जाणाऱ्या कातडीमुळे शून्य होत नाही. संडासाच्या सीटवरून हर्पीस होत नाही. नागीण वेगळी, ती कांजिण्यांच्या विषाणूची. ओठांवरच्या पुटकुळ्यांचा टाइप १ मात्र मुखमैथुनातून खाली पोचतो. आणि निदान आज झालं म्हणून जोडीदाराने आजच फसवलं असं ठरत नाही. लागण कित्येक वर्षं जुनी असू शकते.

दुसऱ्याच दिवशी रक्त तपासून काही कळत नाही. प्रतिपिंडं तयार व्हायला कित्येक आठवडे लागतात. लक्षणं उमटलीच तर साधारण २ ते १२ दिवसांत. तेव्हा जोडीदाराला खरं सांगावं आणि फोड आलाच तर तो ओला असतानाच डॉक्टरांना दाखवावा, कारण नमुना तेव्हाच नीट मिळतो. पत्नी गरोदर असेल तर अजिबात लपवू नये: शेवटच्या महिन्यांत झालेली पहिली लागण बाळाच्या जिवावर बेतू शकते. माहितीसाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा १०९७ हा क्रमांक निःशुल्क आहे.