घोळणा फुटतो तेव्हा

वैशाखात रत्नागिरीकडे मुलाचा घोळणा फुटला तर कुणी फारसे घाबरत नाही. आजी कांदा फोडून हुंगायला देते, टाळूवर गार पाणी थापते आणि मान मागे टाकून निजवते. यातले शेवटचे तेवढे करू नये. रक्त घशात उतरते. मुलाला पुढे वाकवून बसवावे आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे चिमटीत धरावा. बहुतेक घोळणे एवढ्यावर थांबतात.

माझ्याकडे कान-नाक-घसा तपासायला आलेला पंधरा वर्षांचा एक मुलगा मात्र सहा महिने एकाच नाकपुडीने बेजार होता. ती कायम चोंदलेली आणि रक्त वारंवार तिच्यातूनच. वडील म्हणाले, "डॉक्टरसाहेब, नाकात मांस वाढलंय म्हणतात. इथेच काढून टाका ना!"

दुर्बिणीतून पाहिले, तर आत लालसर, गुळगुळीत गोळा. मी त्याला चिमटा लावला नाही. तपासणीसाठी तुकडा काढणे इतर गाठींत शहाणपणाचे. इथे ते जिवावर बेतू शकते.

या गाठीचे नाव अँजिओफायब्रोमा. ती होते बहुतेक वयात येणाऱ्या मुलग्यांनाच. म्हणून पुरुषी संप्रेरकांवर संशय आहे. तिच्यातल्या रक्तवाहिन्यांना स्नायूंचे अस्तर धड नसते, त्यामुळे कापलेली वाहिनी आकसत नाही. रक्त वाहतच राहते.

"कॅन्सर नाही, मग मुंबईला कशाला?" वडिलांचा प्रश्न रास्त होता. कामाचे खाडे, गाडीभाडे, उतरायचे कुणाकडे, हे सारे त्यात आले. मी सांगितले, कॅन्सर नसला तरी ही गाठ हाड सारत डोळ्याच्या खोबणीत, प्रसंगी कवटीतही शिरते.

सीटी स्कॅनमध्ये गालाच्या पोकळीची मागची भिंत पुढे वाकलेली दिसली. ही खूण हॉलमन आणि मिलर यांनी १९६५ साली साध्या एक्स-रेवर दाखवून दिली होती. मुंबईत मांडीतल्या धमनीतून बारीक नळी वर नेऊन गाठीला रक्त पुरवणाऱ्या शाखा आधी बुजवल्या. दुसऱ्या दिवशी दुर्बिणीने नाकपुडीतूनच गाठ काढली. पूर्वी यासाठी अनेकदा टाळूवर किंवा चेहऱ्यावर छेद घ्यावा लागे; मोठ्या गाठींना अजूनही कधी लागतो.

मागे अंश राहिला तर गाठ पुन्हा वाढते, म्हणून त्याला काही वर्षे स्कॅन करावे लागतील. पहिला स्वच्छ आला आहे.