घरातील संगणकांचा दप्तरखाना : निवड कशी करावी

पूर्वी व्यापाऱ्याचे दप्तर एकाच ठिकाणी असे. कीर्द, खतावणी, पावत्या आणि खरेदीखते लाकडी कपाटात कुलूपबंद असत. सांप्रत तेच दप्तर दुकानचा संगणक, मुलाचा लॅपटॉप आणि सूनबाईंचा मोबाइल अशा चार ठिकाणी विखुरलेले असते. वस्तू व सेवा कर कायद्याच्या ३६ व्या कलमाप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. लग्नकार्याची छायाचित्रे आणि वडीलधाऱ्यांचे ध्वनिमुद्रित बोल यांना तर मुदतच नाही. यासाठी घरातील सर्व संगणकांना उपयोगी पडेल असा एक सामाईक साठा असावा, असा विचार आपल्या अनेक कुटुंबांत चालू आहे. त्याची निवड कोणत्या धोरणाने करावी, याचे विवेचन पुढे केले आहे.

कोठार बांधण्यापूर्वी माल किती येणार, हे आपण पाहतो. येथेही तेच करावे. १ टेराबाइट म्हणजे १० लाख मेगाबाइट. एक छायाचित्र ४ मेगाबाइटचे धरल्यास त्यात अडीच लाख छायाचित्रे मावतात. हिशेबाच्या फाइली त्यामानाने फारच थोडी जागा घेतात. खरी जागा चलच्चित्रांना लागते. आजच्या गरजेच्या दुप्पट जागा घेतल्यास पुढील काही वर्षांची सोय होते.

साठ्याचे मार्ग मुख्यतः तीन आहेत. पहिला, राउटरलाच यूएसबी हार्ड डिस्क जोडणे. खर्च अत्यल्प, पण वेग बेताचा आणि सारी भिस्त एकाच डिस्कवर. दुसरा, जुन्या संगणकावर ट्रूनॅस किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट यांसारखी विनामूल्य प्रणाली बसविणे. घरात जाणता तरुण असेल तर हा मार्ग उत्तम. मात्र विजेचा हिशेब करावा. ६० वॅटचा संगणक अहोरात्र चालला तर महिन्यास सुमारे ४३ युनिटे जातात. तिसरा, याच कामासाठी मिळणारी दोन डिस्कांची तयार पेटी, जिला 'नॅस' म्हणतात. ती २० वॅट घेत असेल तर महिन्यास सुमारे १४ युनिटे पुरतात आणि देखभालही सोपी असते. ज्या घरी संगणकाचा जाणकार नाही, तेथे हाच मार्ग सोयीचा.

पेटी राउटरला केबलनेच जोडावी आणि राउटर १,००० मेगाबिटचा आहे, याची खात्री करून घ्यावी. तसा असल्यास १०० गिगाबाइटची नक्कल साधारण पाव तासात उतरते. राउटर १०० मेगाबिटचा असल्यास तेच काम सव्वादोन तासांहून अधिक वेळ घेते. पेटीस यूपीएस अवश्य जोडावे, कारण वीज अचानक गेल्यास चालू असलेले लेखन अर्धवट राहते.

आता मुख्य मुद्दा. दोन डिस्कांच्या पेटीत एकीवर लिहिलेले दुसरीवर आपोआप उमटते. ४ टेराबाइटच्या दोन डिस्का घेतल्या तरी वापरावयास ४ टेराबाइटच मिळतात. अनेक डिस्कांच्या अशा योजनांस 'रेड' हे नाव कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांच्या १९८८ च्या निबंधामुळे रूढ झाले. एक डिस्क निकामी झाली तरी काम न थांबावे, एवढाच या जोडीचा उपयोग. मुलाने चुकून फाइल पुसली, तर ती दोन्हींवरून त्याच क्षणी पुसली जाते. खंडणीखोर विषाणूने दप्तर गोठविले, तर दोन्ही गोठतात. चोरी व आग यांत तर पेटीच जाते. म्हणून जोडडिस्क म्हणजे राखीव प्रत नव्हे. पेटी घेतली म्हणजे दप्तर सुरक्षित झाले, या समजुतीवर राहणाऱ्याचे सारे दप्तर एका दिवसात जाऊ शकते.

शेतकरी पुढील सालचे बियाणे खाण्याच्या धान्यात मिसळीत नाही. ते वेगळ्या जागी राखतो. दप्तराचेही तसेच आहे. पीटर क्रोघ या छायाचित्रकाराने यासाठी एक सोपी त्रिसूत्री प्रचारात आणली : प्रती तीन असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या वास्तूत असावी. आपल्याला हे अवघड नाही. मूळ प्रत संगणकावर, दुसरी घरच्या पेटीत आणि तिसरी बाहेरच्या डिस्कवर. अशा दोन डिस्का घ्याव्यात. एक दुकानच्या तिजोरीत असावी, दुसरीवर आठवड्यास नक्कल उतरवून त्यांची अदलाबदल करावी. नक्कल होताच डिस्क काढून ठेवावी. जोडलेलीच नसेल, तर विषाणू तिच्यापर्यंत पोहोचत नाही. डिस्क सांकेतिक कुलपाने बंद करावी आणि परवलीचा शब्द घरातील दोघांस ठाऊक असावा. हिशेबाच्या प्रणालीची नक्कल मात्र तिच्यातील राखीव प्रतीच्या सोयीनेच घ्यावी. काम चालू असताना नुसत्या फाइली उचलल्यास त्या अपुऱ्या उतरण्याचा संभव असतो.

आणखी एक सावधगिरी. गावोगाव फिरताना घरची पेटी पाहता यावी, म्हणून ती इंटरनेटवर उघडी ठेवण्याचा मोह होतो. जानेवारी २०२२ मध्ये 'डेडबोल्ट' नावाच्या विषाणूने जगभरातील अशा उघड्या पेट्यांतील दप्तरे गोठवून खंडणी मागितली. म्हणून पेटी घरच्या जाळ्यातच ठेवावी आणि तिची प्रणाली वेळोवेळी अद्ययावत करावी.

शेवटी, पोत्यावरील चिठ्ठी वाचून आपण माल घेत नाही. बंबी खुपसून आतला दाणा पाहतो. त्याप्रमाणे तीन महिन्यांतून एकदा राखीव प्रतीतून एखादी जुनी फाइल काढून ती नीट उघडते की नाही, हे पाहावे. उघडली, तरच ती प्रत जमेस धरावी. पेटी लहान घेतली तरी चालेल, एक डिस्कची घेतली तरी चालेल. परंतु दुसऱ्या वास्तूतील प्रतीचा खर्च आधी बाजूस काढून मगच पेटीची किंमत ठरवावी, एवढीच सभासद बंधुभगिनींस नम्र सूचना.