तळघराच्या स्वामीचा खेळ : ‘डंजन कीपर’ आणि त्याचा वारसा

संगणकावरील बहुतेक साहसी खेळांत खेळाडू वीर बनून तळघरात शिरतो आणि राक्षसांचा संहार करून खजिना मिळवतो. ब्रिटनच्या बुलफ्रॉग कंपनीने तयार केलेल्या व १९९७ मध्ये बाजारात आलेल्या ‘डंजन कीपर’ने ही मांडणी उलटी केली. येथे खेळाडू तळघराचा स्वामी असतो, तर चाल करून येणारे वीर त्याचे शत्रू.

‘इम्प’ नावाचे चाकर खडक फोडून सोने काढतात. निवासाच्या व प्रशिक्षणाच्या खोल्या उभ्या राहिल्या की राक्षस आपणहून येतात. मात्र अन्न किंवा वेतन न मिळाल्यास ते नाराज होऊन निघून जातात. त्यामुळे युद्धाइतकेच व्यवस्थापनालाही महत्त्व येते.

दुसरा भाग १९९९ मध्ये आला; २००१ मध्ये बुलफ्रॉग बंद झाली. ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्स’च्या मोबाइल आवृत्तीत खोदकाम तासन्‌तास चाले आणि ते लवकर उरकायचे तर पैसे मोजावे लागत. तिची ‘मोफत’ अशी जाहिरात दिशाभूल करणारी असल्याचा निर्णय ब्रिटनच्या जाहिरात मानक प्राधिकरणाने २०१४ मध्ये दिला.

दरम्यान, चाहत्यांच्या वर्गणीतून आकारास आलेला ‘वॉर फॉर द ओव्हरवर्ल्ड’ २ एप्रिल २०१५ रोजी संगणकांसाठी प्रकाशित झाला. मूळ नावाचे हक्क नसल्याने नाव नवे घ्यावे लागले; निवेदकाचा आवाज मात्र जुनाच, अभिनेते रिचर्ड रायडिंग्ज यांचा आहे.