चरणारी गुरे आणि वाढणारे गवत

मृगाचा पाऊस होऊन आठ-पंधरा दिवस लोटले की माळरान हिरवे दिसू लागते आणि गावोगावच्या गायरानांवर गुरे सुटतात. उन्हाळाभर कडब्यावर आणि वाळक्या काडीवर दिवस काढलेल्या जनावरांना कोवळ्या गवताची ओढ लागावी आणि वैरणीचा साठा संपत आलेल्या शेतकऱ्याने त्यांना रानात सोडावे, हे स्वाभाविकच आहे. तथापि गवताच्या आयुष्यातील सर्वांत नाजूक काळ नेमका हाच असतो. गायरान उघडे केव्हा करावे आणि बंद केव्हा ठेवावे, हा प्रश्न ग्रामसभेपुढे बहुधा भांडणाच्या रूपाने येतो. तो गवताच्या बाजूने पाहिल्यास त्यातील बराचसा भाग अधिक स्पष्ट होतो.

गवत आणि चरणारे प्राणी यांचा सहवास लक्षावधी वर्षांचा आहे. या दीर्घ सहवासात गवताची शरीररचनाच चराई सोसण्यास अनुकूल अशी घडत गेली आहे. आंब्याच्या वा बाभळीच्या रोपाचा शेंडा शेळीने खुडला की त्याची उभी वाढ खुंटते. कारण या झाडांचा वाढीचा बिंदू शेंड्याशी असतो. गवताचे तसे नाही. त्याचा वाढीचा बिंदू जमिनीलगत, पर्णकोशांच्या वेटोळ्यात सुरक्षित असतो. पातेसुद्धा टोकाकडून वाढत नाही, ते बुडाकडून वर सरकत असते. म्हणून गाईने पात्याचा वरचा भाग तोडला तरी उरलेला भाग खालून वाढत राहतो. शिवाय प्रत्येक कांड्याच्या तळाशी सुप्त डोळे असतात. मुख्य कोंब खुडला गेला आणि बुडाशी प्रकाश पोहोचला की हे डोळे जागे होऊन फुटवे येऊ लागतात व एका कोंबाच्या जागी अनेक कोंबांचा ठोंब तयार होतो. हिरवळीवर यंत्र फिरवल्याने ती अधिक दाट होते, त्यामागील कारण हेच.

हरळीने ही कला पराकोटीला नेली आहे. तिची खोडे जमिनीवरून धावतात आणि जमिनीखालूनही पसरतात. पेरापेराला मुळे फुटतात. गुरांच्या तोंडाला लागेल असा तिचा भाग थोडा आणि हाती न लागणारा भाग मोठा. नांगराने तुकडे केले तर तुकड्यांगणिक नवे रोप उभे राहते. गणेशपूजेच्या ताटात मान मिळवणारी हीच दूर्वा काळ्या रानातल्या शेतकऱ्याला मात्र वैरीण वाटते, ती याच गुणामुळे.

मुद्दल आणि व्याज

गवताची ही सोशिकता अमर्याद नाही. बहुवर्षायू गवताचे पहिले कोंब पावसाबरोबर वर येतात, ते मागील हंगामात बुडख्यात साठवून ठेवलेल्या अन्नाच्या बळावर. पुरेशी पाने पसरली म्हणजे सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने नवे अन्न तयार होऊ लागते, त्यातून आधीची उचल फेडली जाते आणि मग शिल्लक पडू लागते. उचल फिटण्यापूर्वीच पाने खाल्ली गेली तर रोपाला उरल्यासुरल्या साठ्यातून पुन्हा कोंब काढावे लागतात. असे दोन-तीनदा झाले की ठोंब क्षीण होतो. सहकारी सोसायटीच्या सभासदाला हा हिशेब वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

जमिनीखाली काय घडते हे अमेरिकेच्या कृषी खात्यातील संशोधक फ्रँकलिन क्रायडर यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून स्पष्ट झाले. गवताचा वरचा निम्मा भाग कापला असता मुळांच्या वाढीत जवळजवळ खंड पडत नाही, असे त्यांना आढळले. कापणीचे प्रमाण निम्म्याच्या पुढे गेले की मात्र मुळे झपाट्याने थबकू लागतात. सुमारे ८० टक्के भाग एकदम काढल्यावर सर्व मुळांची वाढ थांबली आणि ती कित्येक दिवस थांबूनच राहिली. कुरणांच्या व्यवस्थापनात ‘निम्मे घ्या, निम्मे ठेवा’ हा जो ठोकताळा पुढे रूढ झाला, त्याला या प्रयोगांचा मोठा आधार मिळाला.

दख्खनच्या पठारावर या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. येथे मातीचा थर बऱ्याच ठिकाणी उथळ असून पावसात पंधरा-वीस दिवसांची उघडीप ही नित्याची बाब आहे. ज्या गवताची मुळे खोल गेलेली असतात ते अशा उघडिपीत तग धरते. ज्याचे पाते सतत आखूड ठेवले गेले त्याची मुळेही आखूडच राहतात आणि उघडिपीत ते प्रथम करपते. मग दोष पावसाला दिला जातो.

गवत पोटरीत येण्याचा काळही जपण्यासारखा असतो. यावेळी कांडी लांबू लागतात व वाढीचा बिंदू जमिनीपासून उचलला जाऊन जनावराच्या तोंडाच्या टप्प्यात येतो. तो तुटल्यास त्या कोंबाची वाढ तेथेच संपते आणि बीही धरत नाही.

आखूड होणारे वंश

सतत चरल्या जाणाऱ्या जागी गवत बुटके व जमिनीला चिकटून वाढणारे दिसते. हे केवळ वरचेवर खुडल्यामुळे घडते की वंशातच बदल होतो? अमेरिकेतील मेरीलँड राज्यात डब्ल्यू. बी. केम्प यांनी १९३७ मध्ये या प्रश्नाचे उत्तर मोठ्या सोप्या रीतीने मिळवले. तेथील एका कुरणात गवते व द्विदल वनस्पती यांचे एकच मिश्रण पेरलेले होते. कुरणाचा निम्मा भाग गुरांपासून राखला गेला, निम्म्यावर भरपूर चराई झाली. तीन वर्षांनंतर दोन्ही भागांतील रोपे उपटून एका बागेत शेजारी शेजारी लावण्यात आली. तेथे गुरे नव्हती; तरीही चरलेल्या भागातून आणलेली ब्लूग्रास, ऑर्चर्ड ग्रास व पांढऱ्या क्लोव्हरची रोपे बुटकी व पसरटच राहिली, राखलेल्या भागातील रोपे मात्र उंच वाढली. चराईने उंच रोपांना वेचून मारले होते आणि खुजी रोपे मागे उरली होती.

यातून एक व्यावहारिक विचार सुचतो. गावाच्या कुरणात नव्याने पेरण्यासाठी मारवेल वा पवन्याचे बी गोळा करावयाचे असेल, तर ते वर्षानुवर्षे ओरबाडल्या गेलेल्या गायरानातून घेण्यापेक्षा रेल्वेलाइनच्या कडा, राखीव वनाचे बंदिस्त भाग, देवराईच्या सीमा अशा राखलेल्या जागांवरून घेणे शहाणपणाचे ठरेल.

पूर्व आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या मैदानांवर सॅम्युअल मॅकनॉटन यांनी १९७० नंतर केलेल्या अभ्यासात याच विषयाची दुसरी बाजू पुढे आली. तेथे विल्डबीस्ट नावाच्या हरणवर्गीय प्राण्यांचे दहा लाखांहून मोठे कळप गवत चरत फिरतात. मध्यम प्रमाणात चरलेल्या जागी गवताची नवी वाढ मुळीच न चरलेल्या जागेपेक्षा अधिक होते, असा निष्कर्ष त्यांनी १९७९ मध्ये मांडला. जुनी, निस्तेज पाने निघून जातात, बुडाशी उजेड येतो, कोवळी पाने अधिक कार्यक्षमतेने अन्न तयार करतात, पानांचा पसारा घटल्याने जमिनीतील ओल पुरते आणि शेणमूत्राने खतही मिळते. या मतावर पुढे बराच वाद झाला व सर्वच प्रदेशांना ते सारखे लागू पडत नाही, हे मान्य करण्यात आले. त्याच प्रदेशातील गवतांवरील १९८३ च्या संशोधनात आणखी एक मौजेची गोष्ट दिसली: खुडली गेलेली गवते आपल्या पात्यांत सिलिकेचे प्रमाण वाढवतात. सिलिका म्हणजे वाळूतील मुख्य द्रव्य. गवत जणू दाताखाली खडे पेरून ठेवते!

सेरेंगेटीतील कळपांविषयी एक बाब विसरून चालणार नाही. ते पावसामागे पुढे सरकतात. एका जागी ठाण मांडून बसत नाहीत. फ्रान्समधील शेतकरी-संशोधक आंद्रे व्हॉइसँ यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हाच मुद्दा प्रामुख्याने मांडला होता. त्यांच्या मते कुरणाचे नुकसान ठरते ते जनावरांच्या संख्येपेक्षा काळाने. एकदा खुडलेला ठोंब सावरण्याआधी जनावर पुन्हा त्याच ठोंबाकडे परतले की अतिचराई सुरू झाली, मग जनावरे दहा असोत की शंभर.

हिरवेपणा फसवा असतो

जनावर परतते तेही निवड करून. भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दबडघाव व शंकरनारायण यांच्या ग्रंथात देशातील गवताळ आच्छादनाचे ५ प्रमुख प्रकार सांगितले आहेत. महाराष्ट्राचे पठार त्यांतील शेडा-मारवेल प्रकारात मोडते. शेडा, पवना, मारवेल ही या प्रदेशातील उत्तम बहुवर्षायू गवते. गुरांना ती रुचतात, म्हणून प्रथम तीच खुडली जातात आणि पुनःपुन्हा खुडली जातात. त्यांनी मोकळी केलेली जागा कुसळी व्यापते. कुसळी कोवळेपणी गुरे खातात, पण ती निसवली की तिच्या टोकदार, पीळदार कुसळांपुढे जनावर माघार घेते. मेंढ्यांच्या लोकरीत आणि कातडीत ती रुततात. ओल मिळताच कुसळाचा पीळ उलगडतो, वाळताच पुन्हा बसतो आणि या हालचालीने बी जमिनीत खोल जाते. चराई त्यानंतरही तशीच चालू राहिली तर निकृष्ट वार्षिक गवते, मग टाकळा, तरवड, रुई आणि १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम दिसलेले गाजरगवत अशी उतरंड लागते. श्रावणात असे गायरान दुरून हिरवेगार दिसते. त्यात गुरांच्या पोटात जाण्यासारखे किती, हे जवळ जाऊन पाहावे लागते.

मग गायरान कायमचे बंद करावे काय? राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानाचा अनुभव येथे उद्बोधक आहे. तेथे १९८२ मध्ये चराईवर संपूर्ण बंदी घालण्यात आली. गुरे-म्हशी गेल्यावर पाण्यात पसरणारे एक गवत इतके माजले की पाणपक्ष्यांना उघडे पाणी मिळेनासे झाले. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या दीर्घ अभ्यासाने म्हशींची चराई तेथील पाणथळ जागेला उपकारकच होती असे दाखवून दिले. कोरड्या माळावरही वर्षानुवर्षे न चरलेला, न कापलेला ठोंब स्वतःच्याच वाळक्या पाचोळ्याखाली गुदमरतो आणि उन्हाळ्यात वणव्याला निमंत्रण देतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे १९९० नंतर चराईबंदी व कुऱ्हाडबंदी अमलात आली; पण गवत तसेच पडू दिले गेले नाही. ग्रामस्थांनी ते विळ्याने कापून घरी न्यावे अशी रीत ठेवण्यात आली. बंदी आणि कापणी यांची ही जोडी महत्त्वाची आहे. विळाही बुडख्याला लावावयाचा नसतो. जमिनीपासून १० ते १५ सेंटीमीटर भाग सोडून कापलेला ठोंब लवकर सावरतो.

मात्र ज्याच्या घरी कापून आणायला मनुष्यबळ नाही, त्या दोन शेळ्यांच्या मालकिणीला सरसकट बंदी जाचक ठरते. पश्चिम महाराष्ट्रातील धनगर मेंढपाळांचेही तसेच. दिवाळीच्या सुमारास ते कळप घेऊन कोकणाकडे उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी माळावर परततात. त्यांच्या भटकंतीमुळे आठ महिने माळाला विश्रांती मिळते व बसवलेल्या मेंढ्यांचे खत शेतांना मिळते. पण परतण्याची वेळ आणि कोवळ्या कोंबांची वेळ एकच असल्याने आषाढात संघर्ष उद्भवतो. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष गवताळ प्रदेश व पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले, त्यामागे दोघांचे भवितव्य एकमेकांत गुंतलेले आहे हीच जाणीव आहे.

या पेचातून काढावयाचा मार्ग आळीपाळीच्या चराईचा आहे. गायरानाचे तीन-चार तुकडे पाडून पहिल्या पावसानंतर गवत वीतभर होईपर्यंत सर्वच तुकडे राखावेत, त्यानंतर एकेक तुकडा क्रमाने उघडावा आणि दरवर्षी एक तुकडा बी झडेपर्यंत पूर्ण बंद ठेवावा. पुढील वर्षी बंद तुकड्याची पाळी बदलावी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ खाली गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवता येते, विदर्भात निस्तार पत्रकात चराईच्या अटी नमूद असतात आणि सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात स्पष्ट निर्देश दिलेले आहेत. जमीन हाती नसेल तर पाळ्या लावणार कशाच्या? तेव्हा तलाठ्याच्या दप्तरातील क्षेत्र आणि जागेवरील क्षेत्र यांचा मेळ घालणे, हे पंचायतीचे पहिले काम होय.

दुसरे काम शाळेला करता येईल. गायरानात बाभळीच्या काट्यांनी एक मीटर लांब व एक मीटर रुंद एवढा चौकोन जूनच्या आरंभी बंदिस्त करावा आणि त्याच्या शेजारीच तेवढाच चौकोन दगडांनी आखून उघडा ठेवावा. विद्यार्थ्यांनी दर पंधरवड्याला दोन्ही चौकोनांतील गवताची उंची मोजावी, फुटवे मोजावेत आणि मारवेल, पवना, कुसळी, टाकळा यांची नावे निरनिराळी लिहावीत. दसऱ्यानंतर दोन्हीकडील गवत कापून वाळवून तराजूवर घालावे. ही वही पुढल्या उन्हाळ्यात गायरानाच्या पाळ्या ठरवणाऱ्या ग्रामसभेत वाचून दाखवता येईल.