आष्टीची तूर आणि शेजारधर्म

आष्टी म्हणजे बीडची नव्हे, जालना जिल्ह्यातल्या परतूर तालुक्यातली. इकडे कपाशीत तुरीचे तास असतात. त्या तुरीचा भाव बाजार समितीत ठरतो खरा, पण त्याची एक दोरी दिल्लीतल्या परराष्ट्र धोरणाच्या हातात आहे.

दक्षिण आशियाई देशांचा 'सार्क' 1985 साली ढाक्यात स्थापन झाला. 2006 पासून 'साफ्टा' हा मुक्त व्यापार करारही आला. पण भारत-पाकिस्तान वैरात गाडं अडलं आणि 2014च्या काठमांडूनंतर शिखर परिषदच झाली नाही. मग भारताने मोहरा पूर्वेकडे वळवला. 1997 साली जन्मलेल्या 'बिमस्टेक'मध्ये बंगालच्या उपसागराभोवतीचे देश आहेत, पाकिस्तान नाही. त्यात म्यानमार आहे, आणि म्यानमार तूर पिकवतो. आपले व्यापारी तिला 'लेमन' म्हणतात.

2021 साली म्यानमारशी समझोता झाला: वर्षाला एक लाख टन तूर आणि अडीच लाख टन उडीद, पाच वर्षं. मोझांबिकशी तसाच समझोता 2016 मध्येच झाला होता. तूर पिकवणाऱ्या देशांशी मैत्री टिकते, शहरातली डाळ आवाक्यात राहते. शेतकऱ्याची तूर मात्र डिसेंबर-जानेवारीत निघते, आणि आयात खुली असली की भाव दबतो. हमीभाव आहेच, पण खरेदी केंद्र वेळेवर सुरू झालं तर! परदेशाला दिलेली हमी अधिक पक्की वाटावी, हे जरा खटकतंच.