शिलास्तंभ व शिलावर्तुळे

मृतांचे स्मारक किंवा दफनस्थानाची खूण म्हणून प्राचीन काळी उभारलेल्या मोठ्या, बहुधा अनघड शिला. एकटी उभी केलेली शिला म्हणजे शिलास्तंभ आणि दफनाभोवती गोलाकार मांडलेल्या शिला म्हणजे शिलावर्तुळ. दोहोंचा समावेश महापाषाणीय स्मारकांत होतो. फ्रान्समधील कार्नाक येथील शिलास्तंभांच्या रांगा नवाश्मयुगीन आहेत; भारतातील बहुतेक महापाषाणीय स्मारके मात्र लोहयुगीन आहेत.

महाराष्ट्रात ही स्मारके मुख्यत्वे विदर्भात आढळतात व त्यांत शिलावर्तुळांचे प्रमाण अधिक आहे. नागपूरजवळच्या जुनापाणी येथील वर्तुळांची माहिती रिव्हेट-कार्नाक यांनी १८७९ मध्ये प्रसिद्ध केली. तेथे बा. कृ. थापर यांनी १९६१-६२ मध्ये उत्खनन केले. येथील काही शिलांवर वाटीसारखे उथळ खळगे कोरलेले दिसतात. पुढे शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली टाकळघाट-खापा, माहुरझरी व नायकुंड येथे उत्खनने झाली. त्यांत काळी-तांबडी मृद्‌भांडी, लोखंडी हत्यारे, मणी व घोड्यांचे अवशेष मिळाले. माहुरझरी येथे घोड्यांचे तांब्याचे अलंकार, तर नायकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टी आढळली. या संस्कृतीचा काळ स्थूलमानाने इ. स. पू. पहिले सहस्रक हा होय.

केवळ उभी आहे म्हणून कोणतीही शिला प्रागैतिहासिक ठरत नाही. परभणी जिल्ह्यातील चारठाणे (ता. जिंतूर) येथील उंच कोरीव स्तंभ मध्ययुगीन मंदिरसमूहाच्या परिसरातील आहे. मराठवाड्यात व अन्यत्र आढळणारे वीरगळही मध्ययुगीन असून त्यांवर युद्धाची दृश्ये कोरलेली असतात. गडचिरोली जिल्ह्यातील माडिया गोंडांत तर मृतांच्या स्मरणार्थ शिला उभारण्याची प्रथा आधुनिक काळापर्यंत टिकून राहिली. कोरीव स्मारकाचा काळ त्याच्या शैलीवरून अजमावता येतो. अनघड शिलेच्या बाबतीत तशी सोय नसते. तिचा काळ व हेतू तिच्या मूळ जागेवरून आणि तिच्याखालील दफन, खापरे व धातूच्या वस्तू यांवरूनच ठरवावा लागतो.

म्हणूनच शेतजमिनीची सपाटी, दगडखाणी व वाढती वस्ती यांमुळे या स्मारकांची होणारी हानी गंभीर आहे. हलविलेली शिला पुन्हा उभी करता येते. परंतु दफनाशी असलेला तिचा तुटलेला संबंध पुन्हा जोडता येत नाही. अशी स्थळे पाहणाऱ्याने शिला, माती व खापरे जागच्या जागी राहू देणे, हेच त्यांच्या अभ्यासास साहाय्य होय.